पंगतीच्या सतरंज्या आणि कॉन्फरन्सचा चषक

शिक्षणात मी दहावीच्या अलीकडेच थांबलो. तथापि लीड्समधील आमच्या मराठी मंडळींचा व्हिसाचा, शाळाप्रवेशाचा वा पार्किंगच्या दंडाविरुद्धचा अर्ज माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय सहसा पुढे सरकत नाही. पत्नी येथील इस्पितळात परिचारिका आहे. तिच्या नोकरीमुळे मी या देशात आलो आणि लेखणीमुळे मानाने राहिलो, हे नमूद करणे मी कर्तव्य समजतो.

आमची कन्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. आदल्या वर्षी हा संघ तळाला होता. गेल्या हंगामात मात्र मुलींनी असा काही जोर धरला की, आसपासच्या कॉलेजांच्या गटात, ज्याला येथे कॉन्फरन्स म्हणतात, त्या दुसऱ्या क्रमांकावर आल्या. शेवटचा सामना पहिल्या क्रमांकाच्या संघाशी, आमच्याच मैदानावर. जिंकलो तर चषक आपला. सामना रद्द झाला तर गुणांच्या जोरावर त्यांचा. सप्टेंबरात कन्या शिक्षणासाठी ब्रिस्टलला जाणार होती. पुन्हा संधी नव्हती.

योगायोगाने त्याच दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा पाडवा होता. गुढी उभी राहिली, श्रीखंड पातेल्यात तयार होते, आणि रात्रभराच्या पावसाने गोलपोस्टसमोर तळे साचले होते. पंचबाईंनी चेंडू वरून सोडला. तो उसळलाच नाही. थप्प करून बसला.

"एका तासाने पुन्हा बघते," त्या म्हणाल्या. "तेव्हाही असाच बसला तर सामना रद्द."

मी तत्काळ कागद घेऊन बसलो व सामना पुढे ढकलण्याविषयी सविस्तर विनंती लिहू लागलो. दुसरे पान चालू असता कन्या आली. तिचे हातमोजे चिखलाने भरले होते.

"बाबा, तुझा लेटर एकदम क्लास असणार. पण तिला वाचून होईपर्यंत डार्क होईल रे."

"मग काय करावे म्हणतेस?"

"पाणी काढायला हवा. आमच्याकडे दोनच बादल्या आहेत."

कन्या माझ्याकडे पाहत नव्हती. ती हॉलच्या भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांकडे पाहत होती.

त्या सतरंज्या मंडळाने सोलापुराहून मागवलेल्या, जाड सुताच्या. त्यांचा ताबा माझ्याकडे. पाडव्याची पंगत जमिनीवरच बसली पाहिजे, हा नियम माझाच. खुर्च्यांची मागणी मी दरवर्षी लेखी फेटाळत आलो आहे. मी लेखणीला टोपण लावले आणि म्हणालो, "उचला."

"अहो भाऊ, आणि जेवायचं कशावर?" मंडळाच्या खजिनदारीणबाई ओरडल्या.

"उभ्याने," पत्नी म्हणाली. "मी वॉर्डात रोज तशीच जेवते."

मग जे झाले ते मी आयुष्यात प्रथमच पाहिले. चिखलात चालतील असे बूट कोणाकडेच नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातली पिशव्यांची पिशवी काढून प्रत्येकाने पायांत टेस्को दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. नऊवारी खोचून बायका चिखलात उतरल्या. सतरंजी पाण्यावर पसरायची, तिच्यावर नाचायचे, मग दोघांनी दोन टोके धरून कडेला पिळायची.

"जोर लावा की, भाऊ! सही करताना लावता तसा!" पलीकडच्या टोकावरून खजिनदारीणबाई म्हणाल्या.

मी लावला. प्रतिस्पर्धी संघाच्या मुली आधी हसत होत्या. थोड्या वेळाने त्यांच्यातल्या दोघींनी एका सतरंजीची टोके धरली, याची नोंद मी आदरपूर्वक करतो. कॉलेजच्या माळ्याने लोखंडी दात्यांच्या फावड्याने जमिनीला भोके पाडून वर वाळू टाकली.

पंचबाई परत आल्या. त्यांनी चेंडू सोडला. तो जेमतेम गुडघ्याइतका उसळला. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा तेवढाच.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "खेळा."

एकच गोल झाला, तो आमचा. अखेरच्या क्षणी आलेला चेंडू कन्येने नुकत्याच सुकवलेल्या त्या जागेवर आडवे पडून छातीशी धरला आणि शिटी वाजेपर्यंत सोडला नाही.

हॉलमध्ये दोन्ही संघ उभ्यानेच श्रीखंड-पुरी जेवले. बाहेर गोलच्या आडव्या खांबावर सतरंज्या वाळत होत्या; चषकाच्या छायाचित्रात मागे त्या दिसतात. कन्येने वाटी पुसत विचारले, "बाबा, सतरंज्यांचा रंग गेला ना? आता कोण ओरडणार तुला?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "नव्या सतरंज्यांचा अर्ज मंजूर करणारा मीच आहे."