अस्तराखालचे सात टाके

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि दर महिन्याला हसतो. पिंपळाखालची पांढरी बाई, विहिरीतून आलेली हाक... लिहिणाऱ्यांपैकी एकानेही चार पावले पुढे जाऊन पाहिलेले नसते. मी तसला माणूस नव्हे. बडोद्याच्या लष्करी कोठारात सत्तावीस वर्षे मी कपड्यांची तपासणी केली. माझा विश्वास शिवणीवर आणि शिक्क्यावर.

महायुद्ध संपल्यावर पलटणींचे जुने गरम कोट बाजारात ढिगाने आले. मांडवीजवळचा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "साहेब, खुद्द कर्नलनो कोट छे." कर्नलचा म्हणे... बटणे दोन जातींची आणि एक बाही आखूड. रावपुऱ्यात निम्म्या घरी असा एक कोट खुंटीवर आणि त्याच्यामागे एक शौर्यकथा. लोक माझ्याकडे कोट आणायचे, मी तो उलटा करून आतला शिक्का वाचायचो, आणि कथा तिथेच संपायची. त्यात मला सुख होते, हे कबूल करतो.

पौषातल्या एका दुपारी गणपतराव आले. कचेरीत कारकून, पण चालणे जिल्ह्याच्या सुभ्याचे. हातात खाकी ओव्हरकोट, मागे त्यांची विधवा भावजय चंद्राबाई. विधवा म्हणतो खरा, पण बाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होते.

"काकासाहेब, हिला एकदा समजावून सांगा," गणपतराव म्हणाले. "दादा पलटणीबरोबर बसऱ्याला गेले. दुसऱ्या वर्षी सरकारी पत्र आले, दिवसकार्य झाले. आता मी थंडीसाठी बाजारातून हा कोट आणला, तर ही म्हणते, हा त्यांचाच. त्या दिवसापासून कुंकू लावते. घरात मुलीचे लग्न ठरायचे आहे. लोक काय म्हणतील?"

"काय ओळख पटली?" मी बाईंना विचारले. आवाजात कुत्सितपणा होताच.

"उन्हात घालताना हाताला लागले," त्या म्हणाल्या. "डाव्या बगलेखाली, अस्तराच्या आत. हे निघाले तेव्हा मी माझ्या हळदीच्या लुगड्याची चिंधी यांच्या कोटात शिवली होती. सात टाके घातले होते."

असल्या चिंध्या, ताईत, अंगारे मी कोटांतून ढिगाने काढले आहेत. मी कोट उलटा केला. आतल्या खिशाच्या कापडावर सरकारी बाणाचा छाप, माप आणि शिवल्याचे साल. साल वाचून मी गणपतरावांकडे वळलो.

"पत्र कधी आले म्हणालात?"

त्यांनी सांगितले. कोट त्यानंतर दोन वर्षांनी शिवलेला होता.

"झाले तर मग," मी म्हणालो. "माणूस गेल्यावर दोन वर्षांनी तयार झालेला कोट त्याच्या अंगावर कसा असेल? बाई, चिंधी असली तरी दुसऱ्या कोणाच्या बायकोची."

गणपतराव हसले. बाई हसल्या नाहीत की रडल्याही नाहीत. "उसवून बघा," एवढेच म्हणाल्या.

अस्तर कोणी मागाहून बदलले असेल, ही शंका मला होतीच. मी भिंग घेतले. बदललेल्या अस्तराच्या कडेला सुईच्या भोकांच्या दोन रांगा असतात, जुनी आणि नवी. इथे एकच रांग होती. कारखान्यातली मशीनची शिवण, कधीही न उघडलेली. मी ती स्वतःच्या कात्रीने उसवली.

आत पिवळी चिंधी होती. टाके मोजले. सात. पण माझे लक्ष टाक्यांच्या तिरपेपणाकडे गेले. ते उलट्या बाजूला झुकलेले होते. सत्तावीस वर्षांत असे टाके मी दोन-तीनदाच पाहिले होते.

मी सुईदोरा आणि रुमाल बाईंच्या पुढे ठेवला. "चार टाके घाला."

त्यांनी सुई डाव्या हातात घेतली. गणपतराव पुटपुटले, "किती वेळा सांगितले, शुभकार्याला तरी उजव्या हाताने..." बाईंनी चार टाके पुरे केले. रुमालावरचे टाके आणि चिंधीवरचे टाके शेजारी ठेवले होते, आणि ते त्यांनाही दिसत होते.

"पत्रानंतर दोन वर्षांनी कोट शिवला ना?" बाईंनी मला विचारले. "मग माझी चिंधी तेव्हा कोणाजवळ होती?"

मी शिक्क्यावरचे साल पुन्हा वाचले. कोणाजवळ का असेना, न उघडलेल्या शिवणीच्या आत ती गेली कशी, हे तर मी त्यांना विचारलेही नाही.

"भावजी, चला," म्हणून त्यांनी कोट घडी घालून छातीशी धरला. गणपतरावांना माझ्याकडून लेखी हवे होते, कोट दादांचा नाही असे. मी दिले नाही. शिक्क्यावरून ते खरे होते, तरी दिले नाही.

मी पलटणीच्या कचेरीला पत्र लिहिले. मृत्यूची नोंद बरोबर आहे, असे उत्तर आले. तो माणूस आजतागायत परतलेला नाही. बाई कुंकू लावतात. पुतणीच्या लग्नात त्यांना मागे बसवले होते, तिथेही लावून बसल्या होत्या.

लोक अजून माझ्याकडे कोट आणतात. मी शिक्का वाचतो, साल सांगतो. कोणी अस्तर उसवायला सांगितले, तर शिंप्याकडे पाठवतो. का, असे विचारतात. मी डोळे अधू झाल्याचे सांगतो. डोळे चांगले आहेत.