जिर्यस मास्तरांचा पाहुणा

अम्मानजवळच्या मादबा गावात जिर्यस मास्तरांना ओळखत नाही असा माणूस एक तर परगावचा, नाही तर कालच जन्मलेला. एकतीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला. शिक्षकांच्या संपात अकरा दिवस कोठडीही भोगली. रविवारी चर्च आणि रोज संध्याकाळी मशिदीशेजारची चहाची टपरी, दोन्हीकडे त्यांची खुर्ची ठरलेली.

त्यांच्याकडे ग्रेगरी नावाचा परदेशी संशोधक आठ महिने राहिला. अरबांच्या राजकारणावर पुस्तक लिहितोय, एवढंच त्यानं सांगितलं होतं. कुणाबद्दल लिहितोस, काय लिहितोस, हे मास्तरांनी कधी विचारलं नाही. पाहुण्याला त्याचं काम विचारणं म्हणजे ताटावरून उठवणं!

त्यांची बायको अफाफ एकदा म्हणालीच, "अहो, तो वहीत रोज काय खरडतो, विचारा तरी!"

"आपल्या घरचं मीठ खातोय तो. लाज नाही वाटत?" मास्तर तिच्यावरच डाफरले.

मास्तरांनी त्याला संपाच्या गोष्टी सांगितल्या, निवडणुकीतली भांडणं सांगितली, आणि एकदा मुफ्लिहच्या घरी बैठकीलाही नेलं. मुफ्लिहची रोटीची भट्टी आहे. त्याचा थोरला मुलगा सामी एका तरुणाच्या मोटारीखाली गेला होता. त्या बैठकीत तरुणाच्या घराण्यातले म्हातारे भरपाईचे पैसे घेऊन माफी मागायला आले, तर मुफ्लिहनं एक दिनार घेतला नाही. "चूक त्या पोराची, त्याच्या चुलत्यांची नव्हे," एवढं बोलला आणि आत जाऊन ढसाढसा रडला. ग्रेगरीचेही डोळे भरले. मास्तरांनी पोटच्या पोरासारखं त्याला जवळ घेतलं.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. मुफ्लिहची मुलगी अम्मानला शिकते, तिला वर्गात तेच पुस्तक लावलेलं. तिनं एका पानाचं भाषांतर करून बापाला धाडलं, बापानं ते मास्तरांकडे. 'अरब माणूस कायदा मानत नाही, टोळी मानतो. मादबातल्या मुफ्लिह नावाच्या भट्टीवाल्यानं मुलाच्या रक्ताचा सौदा केला, तो मी डोळ्यांनी पाहिला.' संपाची एक ओळ नव्हती. मास्तरांचे आभार मात्र होते, शेवटच्या पानावर, भरभरून.

केसानं गळा कापला मेल्यानं! मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. मग पाद्रीबाबा आणि गावातले दोन वडीलधारे बरोबर घेऊन ते मुफ्लिहच्या दारी गेले. कॉफी आली. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे कप न पिता खाली ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत घोट घ्यायचा नसतो.

"अबू सामी, माफी मागायला आलोय," मास्तर मुफ्लिहला थोरल्या मुलाच्या नावानं, सामीचा बाप म्हणून, हाक मारत म्हणाले. "हे परदेशी सगळे असलेच. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे."

मुफ्लिह उसळला. "सगळे? उस्ताद, माझं पोर गेलं तेव्हा मी 'सगळे' म्हटलं असतं, तर त्या घरात आज चूल पेटली नसती. ज्यानं केलं त्याचं नाव घ्या."

"ग्रेगरीनं केलं."

"आणि त्याला माझ्या घरात कुणी आणलं?"

पाद्रीबाबा चुळबुळले. आठ महिने फसवलं ते त्यानं, पण दार उघडलं होतं मास्तरांनी.

"मी आणलं. जिर्यसनं."

"पोर गेलं, ती देवाची मर्जी म्हणून गिळलं," मुफ्लिह हळूच म्हणाला. "पण बापानं त्याला विकलं, असं माझ्या पोरीनं भर वर्गात ऐकलं. हे कसं गिळू? तुम्हीच सांगा, शिकवायचं काम तुमचं."

मुफ्लिह 'कॉफी घ्या' म्हणेल म्हणून सगळे बराच वेळ बसून राहिले. तो काही म्हणाला नाही.