टाकीचा विषय इथे नको

तुळिंजला मी पालेभाजी विकतो. माल वटारच्या आमच्याच वाडीतला. हातगाडीपासून गाळ्यापर्यंत स्वतःच्या जिवावर आलो, त्यामुळे तोंड जरा तिखट आहे.

समोरच्या इमारतीत काही घरांत कावीळ झाली, तेव्हा त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'पालकवाल्याच्या बादलीतलं पाणी घाण आहे.' दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक माझ्यासमोरून मान वळवून जाऊ लागलं. मी भर बाजारात आरडाओरडा केला. त्याने लोकांची उलट खात्रीच पटली.

आरोग्य खात्याच्या बाई आल्या. भाजीवर शिंपडायची बादली बघितली, झाकण ठेवा म्हणाल्या. ठेवलं. मग त्यांनी इमारतीचं पाणी तपासलं. टाकीतच गटाराचं पाणी झिरपत होतं.

"बाई, हे त्यांच्या ग्रुपवर लिहा ना," मी म्हटलं.

"काका, सोसायटीला कळवलंय. ग्रुप त्यांचा आहे."

सोसायटीने टाकी गुपचूप दुरुस्त केली. माझ्याबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही. उरलेली भाजी रोज संध्याकाळी गाईंना जात राहिली. घरी गेल्यावर भांडायचीही ताकद उरत नसे.

परवा त्याच इमारतीतल्या एक ताई आल्या.

"काका, दोन जुड्या तीसला द्या."

"पंचवीसला न्या. पण आधी ग्रुपवर खरं काय ते लिहा."

"अजून तेच धरून बसलात?"

"तुमची कावीळ उतरली, ताई. माझा धंदा बसलाय."

त्या हसल्या, पण फोन काढला. लिहिलेलं मला वाचूनही दाखवलं : 'कावीळ टाकीमुळे झाली होती. पालकवाल्या काकांचा दोष नाही.' मी जुड्या पिशवीत घातल्या, वर मेथीची एक टाकली. तेवढ्यात फोन वाजला. सेक्रेटरीचा मेसेज. त्यांनी तो हळू आवाजात वाचला : 'टाकीचा विषय इथे नको. लोकांनी फ्लॅट विकायला काढलेत.'

त्यांनी आपलं लिहिलेलं पुसून टाकलं.

"सॉरी हं काका. मी तोंडी सांगेन सगळ्यांना."

"किती जणांना सांगाल?"

ताई पिशवीतल्या जुड्या परत काढायला लागल्या. मी राहू द्या म्हटलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "पालक नीट धुऊनच वापरायचा ना?"

"धुवा ना! आता तुमची टाकी दुरुस्त झालीय, खुशाल धुवा!"

रस्त्यावरच्या दोघींनी वळून पाहिलं आणि पलीकडच्या भाजीवाल्याकडे गेल्या.