पोपटांचे डोळे

बऱ्हाणपुरात लालबागेकडे लग्न निघालं, की आधी सोनाराकडे आणि मग मथुराबाईकडे निरोप जायचा. पाट, चौरंग, पाळणे, नवरीची लाकडी पेटी. सुतार कुणीही असो, वरची वेलबुट्टी मथुराबाईच्या हातची. नवरा देवराम होता तेव्हा तो रेघा काढी आणि ती रंग भरी. तो गेला आणि कुंचला तिच्या हाती आला. लोकांना तिचं काम हवं असे, ती मात्र मांडवात नको असे.

नवरा-नवरीच्या पाटांवर पोपटांची जोडी काढायची रीत होती. मथुराबाईनं सगळं रंगवायचं, फक्त डोळे कोरे सोडायचे. ते सवाष्णीनं भरायचे, कारण विधवेनं दिलेल्या डोळ्यांनी पोपटानं नवरीकडे बघू नये. हे शहाणपण कुणी काढलं देव जाणे! तिच्या हातचे पंख चालतात, चोच चालते, डोळ्यापाशी आलं की तोच हात अपशकुनी. मग घरातली कुणीतरी काडी रंगात बुडवून ओबडधोबड ठिपके देई आणि वर खण-नारळही घेई. मथुराबाईनं कधी तोंडातून शब्द काढला नाही.

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्या साली मथुराबाईच्या लेकीचं, कुसुमचं लग्न ठरलं. कोणता गाव कोणत्या राज्यात, यावर चौकात रोज हुज्जत चाले. स्थळ रावेरकडचं होतं, म्हणजे इच्छापूर ओलांडलं की पलीकडचं राज्य. मथुराबाईला त्यात एकच कळत होतं, ही गेली की घरात बोलायला भिंती उरतील.

पाट तिनं महिनाभर रंगवले. डोळे भरायला थोरली जाऊ भागाबाई, कुसुमची मोठीमाय, लग्नाच्या सकाळी येणार होती. आदल्या दुपारी सगळे मांडवाच्या गडबडीत होते. मथुराबाई कोऱ्या डोळ्यांच्या त्या पोपटांसमोर बसली आणि तिच्या डोक्यात सणक गेली. गावभरच्या पोरी आंधळ्या पोपटांवर पाठवल्या, माझी पोर नाही पाठवणार. तिनं खारीच्या केसांचा कुंचला काळ्यात बुडवला आणि चारही पोपटांना डोळे दिले. कुसुम पाणी घ्यायला आत आली होती. तिनं पाहिलं, हातातला तांब्या खाली ठेवला आणि निघून गेली. मथुराबाईला वाटलं, पोरीला पटलं. कुणी विचारलंच तर आपण छाती ठोकून सांगायचं, असं तिनं पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी भागाबाईला यायला उशीर झाला. ती पोचते तोवर पाट मांडवात आले होते आणि नवऱ्याची आई धुरपदाबाई त्यावर वाकली होती.

"काय जिवंत डोळे दिसू राहिले! कोनी भरले वो?"

दाराआड उभ्या मथुराबाईनं ओठ उघडले, तेवढ्यात मुंडावळ्यांखालून कुसुमचा आवाज आला. "मोठीमायनं भरले."

भागाबाई दचकली. तिनं पाटाकडे पाहिलं, मग दाराकडे. क्षणात तिला सगळं उमगलं आणि ती खाली मान घालून उभी राहिली. धुरपदाबाईला तेवढ्यावर कुठलं समाधान! ती दाराकडे वळली. "खरं का विहीणबाई? बिलकूल अस्सल हात हाय."

आता एक शब्द पुरे होता. मथुराबाईनं लेकीकडे पाहिलं. कुसुम पाटाकडे बघत होती. अपशकुनाचा बोभाटा झाला असता, तर वऱ्हाड आल्या पावली परत गेलं असतं. पोर खोटं बोलली, पण तिचं चुकलं काय? तिला संसार करायचा होता. हे मथुराबाईला कळत होतं आणि तरी तिच्या काळजात चर्र झालं, कारण जगात तिच्या बाजूनं बोलणारं एकच माणूस होतं आणि तेच आत्ता पलीकडे जाऊन बसलं होतं.

"हो," ती म्हणाली. "आमच्या भागाबाईचाच हात."

धुरपदाबाई खूश झाली. भागाबाईची ओटी भरायची म्हणून तिनं नारळ मागितला. नारळ आतल्या खोलीत होते. मथुराबाईनं एक चांगला, पाण्यानं भरलेला निवडला, कानाशी हलवून पाहिला, आणि मांडवाच्या कडेशी आणून जमिनीवर ठेवला, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो तिच्या हातून घ्यावा लागू नये.