उन्हात धरलेला लाल

ओल्या सुताचा, तापलेल्या फरशीचा आणि रंगाच्या हंड्यातून उठणाऱ्या आंबूस वाफेचा मिळून एक वास असे. सोलापुरातली चैत्राची दुपार मला आजही त्या वासानेच आठवते. अंगणात बांबूंवर लाल सुताच्या लडी वाळत आणि माझे वडील, नाना, एकेक लड दोन्ही हातांनी ताणून थेट सूर्यासमोर धरत. रंग कुठे फिका राहिला ते आरपार उजेडातच कळतं, सावलीत रंग फसवतो, असं ते म्हणत. आयुष्यभर असं सूर्याकडे पाहून त्यांच्या एका डोळ्यावर साय धरली होती आणि दुसराही अंधुक होत चालला होता. डॉक्टरांनी उन्हापासून डोळे जपायला सांगितलं होतं. रंगाऱ्याला सांगायची ही गोष्ट!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी कॉलेजात होते आणि आमच्या पुढच्या खोलीत विज्ञानाचे एक तरुण प्राध्यापक भाड्याने राहत. कुठल्याशा मासिकात त्यांनी ओझोनच्या थराविषयी वाचलं आणि त्यांच्या जिवाला चैन पडेना. एका संध्याकाळी देवळासमोर गल्ली जमवून त्यांनी सांगितलं, की आपल्या डोक्यावर फार उंच एका वायूचा अदृश्य थर आहे, तो उन्हातलं विष गाळून घेतो. फ्रीजमधला आणि सुगंधी फवाऱ्यांमधला वायू वर जाऊन तो थर विरवत नेईल, आणि मग माणसांचे डोळे जातील, कातडी जळेल. बायका पदराआड हसल्या. आमच्या गल्लीत फ्रीज पाहिला होता कुणी? माठातलं पाणी पिणाऱ्यांपुढे सर हात जोडून उभे होते. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

नाना हसले नाहीत. उठून म्हणाले, "सर, म्हंजे माझं डोळं त्याच्यामुळंच गेलं का?"

सर गडबडले. मग हळूच म्हणाले, "नाही नाना. तुमचे डोळे आहे त्या उन्हानंच गेले. थर विरल्यावर काय होईल, ते मी सांगतोय."

नानांनी त्या उत्तराचा धसकाच घेतला. उरलेला डोळा वाचवायचा म्हणून ते लडी पडवीत, दिव्याखाली तपासू लागले. पुढे त्या सुताच्या विणलेल्या चादरी विणकराकडून परत आल्या. नानांनी एक चादर अंगणात नेऊन उन्हात धरली. लाल रंगाच्या मधोमध फिका पट्टा उमटला होता. त्यांनी चादर खाली ठेवली. मग लड उचलून पुन्हा सूर्यासमोर उभे राहिले. आईने रडत हात धरला, तर म्हणाले, "रंगच न्हाय कळला, तर डोळं ठिवून काय करू?"

पुढच्या उन्हाळ्यात तो डोळाही गेला. मग लड सूर्यासमोर मी धरू लागले आणि रंग कसा उतरलाय ते त्यांना सांगू लागले. अशाच एका दुपारी तोंड वर करून त्यांनी विचारलं, "सरांचा तो थर हाय का गं अजून?"

मी वर पाहिलं. पांढरंफटक आभाळ होतं, आणि खूप उंचावर एक घार. डोळे असून मलाही त्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

"आहे, नाना."

त्यांनी चाचपडत माझा चेहरा शोधला आणि आपला लालभडक तळहात माझ्या डोळ्यांवर आडवा धरला. त्या सावलीत मला रंग नीट कळेना. पण हात काढा, असं काही मी त्यांना म्हटलं नाही.