थरथर कुठल्या चाकाची

चाकावरची जुनी शिशाची वजनं काढली की आम्ही ती डब्यात टाकतो. डबा भरला की भंगारवाला येऊन नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते दुकानातच साचत राहतात.

अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं व्हील बॅलन्सिंगचं दुकान आहे. गाडी हलते म्हणून कोणी आलं की आधी एक चक्कर मारायची. हे चालवतात, मी मागे बसते. स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची. वीस वर्षं असंच चाललंय. पण दोन वर्षांपासून यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. "हाताचं बाहेर कळलं की दुकान संपलं," एवढंच म्हणतात.

* * *

मुंबईचे एक पाहुणे आले. गाडी ऐंशीला नुसती नाचते म्हणाले. इंटरनेटवर वाचून सस्पेन्शन, ड्राइव्ह शाफ्ट, सगळं पाठ करून आले होते. आदल्या दिवशी त्यांनी गाडी किनाऱ्यावर थेट पाण्यापर्यंत नेली होती. ओली वाळू रिमच्या आत बसून सुकली होती. यांनी ती स्क्रूड्रायव्हरने खरवडून त्यांच्यासमोर ढीग घातला.

पाहुणे ढिगाकडे बघून म्हणाले, "तुमच्या बीचची वाळूच बेकार!"

* * *

एका बंगलेवाल्यांची गाडी चार महिने जागची हलली नव्हती. निघाली की पहिली दहा मिनिटं थडथड करायची, मग आपोआप बंद. मी मागून म्हटलं, "उभी राहून टायर एका बाजूला चपटे झालेत. गरम झाले की बरे होतात."

त्यांनी मान वळवली. "मी मिस्त्रींना विचारलं."

यांनी माझंच वाक्य शब्दाला शब्द परत म्हटलं. बंगलेवाले खूश. "याला म्हणतात अनुभव."

* * *

हात थरथरायला लागल्यावर यांना स्टिअरिंगवर काही कळेना. मग आम्ही खुणा ठरवल्या. हे आरशात बघणार. मी काच खाली केली तर पुढची चाकं, पदर सावरला तर मागची, गप्प बसले तर चाकं ठीक. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे.

मे महिन्यात एकदा मला फार उकडत होतं. मी काच खाली केली. दुकानात पोचल्याबरोबर यांनी पुढची दोन्ही चाकं उतरवली! दोन्ही ठणठणीत होती. गिऱ्हाईक वाट्टेल ते बोलून गेलं.

संध्याकाळी हे एवढंच म्हणाले, "उकडत होतं तर तोंडाने सांगायचं." त्यानंतर आरशात बघणं त्यांनी बंद केलं.

* * *

चहा घेताना यांच्या बशीत चहा सांडला. ओळखीचा एक टेम्पोवाला म्हणाला, "मिस्त्री, कपाचं पण बॅलन्सिंग करून घ्या." सगळे हसले. हेही हसले.

तेव्हापासून यांना चहाने पित्त होतं.

* * *

मुरुडचे सलीमभाई पंधरा वर्षं आमच्याकडे येतात. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन पुण्याला जायचं होतं, म्हणून गाडी एकदा बघून घ्यायला आणली. चक्कर मारून हे म्हणाले, "पुढचं डावं." मी मागे गप्प बसले होते, पण यांनी बघितलंच नाही. चाक मशीनवर चढवलं. मशीनवर शून्य आलं, म्हणजे चाक ठीक. परत चक्कर मारली. "अजून हलतंय." परत चाक उतरवलं, परत शून्य.

तिसऱ्या चक्करला शेजारच्या सीटवरून सलीमभाई म्हणाले, "मिस्त्री बोलतात म्हणजे हलत असणार. मला चालवताना जाणवलं नाही, माझेच हात गेले असतील."

मला राहवलं नाही. गिऱ्हाइकासमोर मी म्हटलं, "अहो, गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा."

यांनी गाडी नारळाच्या वाडीशी घेतली आणि चावी फिरवली. सगळं शांत झालं. यांचे हात स्टिअरिंगवरच होते. उजव्या हातातली अंगठी स्टिअरिंगवर टकटक वाजत होती.

सलीमभाईंनी हाताकडे बघितलं, मग समोर रस्त्याकडे. डॅशबोर्डवर आपला तळवा ठेवला आणि थोडा वेळ डोळे मिटून बसले.

"हां मिस्त्री," ते म्हणाले, "हलतेय अजून."