माह्या नंबरवरून

शाळेच्या पालक सभेत ज्या बाईसाठी टाळ्या वाजल्या, ती बाई खोटारडी आहे. कोण म्हणून विचारू नोका — मीच ती. आजवर हे तोंडातून काढलं नाई. नवऱ्यापाशी नाई, सख्ख्या बहिणीपाशी नाई. देवापुढं हात जोडतानाही हा एवढा भाग गिळून टाकला. आता तुमच्यापाशी बोलून राह्यली. ऐकून राग आला तर येऊ द्या. मले तर आज तीन वर्षं झाले, रोज येते.

आमचं गाव साखरखेर्ड्यापासून जवळच. घरी भाजीपाला — मेथी, वांगे, उन्हाळ्यात टरबूज. माही पोरगी गौरी आता दहावीले आहे, हे झालं तवा सातवीत होती. माह्या भावानं तिले अभ्यासाले टॅब देला. टॅब आला अन् त्याच महिन्यात शाळेत सभा झाली. शहरातून पाहुणे आले होते. पोरं एकमेकाले मोबाइलवर कसे छळतात, फोटो कसे बिघडवतात, एखादी पोरगी खाणंपिणं कशी सोडते, हे सगळं सांगतलं त्यांनी. घरी येता येताच ठरोलं — माह्या लेकीले कोणी बोट तर लावून दाखवा!

टॅबमध्ये सिमकार्ड नव्हतं. म्हणून माह्याच नंबरचं व्हॉट्सॲप त्याच्यावर जोडून देलं. तिच्या मैत्रिणी जे लिहीत, ते माह्या फोनवर बी येत होतं. कोण काय म्हणते, ही काय उत्तर देते, एकूणएक मी वाचत होती. भाकरी थापता थापता वाचत होती. अन् त्याचा मले काय तोरा! शेजारच्या बाया म्हणत, "बाप्पा, तुमचं लक्ष लय आहे हो पोरीवर." मी मान डोलावत होती. आपण लय शहाण्या, बाकीच्या आया झोपलेल्या.

कबुलीवर यायले वेळ लावून राह्यली ना मी? कळते मले. पण जीभ उचलत नाई.

गौरीच्या बाकावर स्नेहल नावाची पोरगी बसे. तिले टायफाइड झाला होता. केस मूठमूठ गळले, म्हणून तिच्या मायनं डोकं साफ करून देलं — नवे दाट येतात म्हणून. पोरगी स्कार्फ बांधून शाळेत येत होती. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसले वर्गातल्या एका पोरीनं मोबाइल आणला. नाचता नाचता स्नेहलचा स्कार्फ सुटला अन् त्या पोरीनं नेमका तवाच फोटो काढला. घरी जाऊन त्याचं स्टिकर केलं — डोकं हिरवं रंगवलेलं, त्याच्यावर पट्टे, खाली लिहिलं 'टरबूज'. अन् ते गौरीले पाठोलं.

मी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती, दुसऱ्या दिवशी बाजार होता. फोन वाजला, पाह्यलं. स्टिकर दिसलं अन् त्याच्या खाली गौरीनं लगेच लिहिलेलं बी दिसलं — 'हे काढून टाक. मले नाई आवडलं. तिले टायफाइड झाल्ता.'

बारा वर्षांची पोरगी! तिले कळलं. अन् रखवालीले बसलेली मी? मी हसली. फिसकन हसली. जुडी हातातून सुटली एवढी हसली. खोटं काऊन सांगू — मले ते लय गमतीचं वाटलं.

तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ ठीक होतं. हळदीकुंकवाच्या बायांचा आमचा एक ग्रुप आहे. ते स्टिकर मी ग्रुपवर टाकलं अन् खाली लिहिलं — 'बायांनो, यंदा माल लवकर निंगाला!' झालं. कोणी हसून हसून रडणारे तोंडं टाकले, कोणी विचारलं, भाव काय लावला. एका बाईनं तरी म्हणाव ना की अवो, लेकरू आहे ते, आजारातून उठलं! एक नाई. त्या बायांचा बी मले राग येते. पण त्यांना हसायले मीच बोलावलं होतं, मंग कोणत्या तोंडानं बोलू?

त्याच ग्रुपवर स्नेहलच्या मायची जाऊ होती. दिवा लागायच्या आत फोटो त्या घरात पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांचा फोन आला — गौरीले घेऊन या, तुमच्या नंबरवरून काई तरी गेलं आहे. मले सगळं कळलं. अन् मी काय केलं? साडी बदलली, वेणी घातली, अन् निंगायच्या आधी फोन उघडून गौरीचं ते 'काढून टाक' पुसलं. घाबरून चुकून नाई पुसलं. कळून सवरून पुसलं. कारण ते राह्यलं असतं तर पोरगी सुटली असती, अन् मंग नंबरवाली एकटी मी उरली असती.

ऑफिसात स्नेहलची माय उभी होती. डोळे सुजलेले. फोन माह्यासमोर धरून म्हणाली, "हा नंबर तुमचाच आहे ना ताई? माही लेक कालपासून पलंगाखाली घुसून बसली. माह्यासमोर बी डोक्यावरचं फडकं काढत नाई. कोणं पाठोलं हे, तेवढं सांगा."

तेवढंच तर विचारलं होतं तिनं. दोन शब्द होते — मी पाठोलं. मेली असती का मी? चार बाया नावं ठेवत्या, चार दिवस मान खाली घालून बाजारात जावं लागलं असतं. बस.

मी म्हणाली, "टॅबवर माहाच नंबर चालते सर. पोरीनं टाकलं असन."

गौरी म्हणाली, "मम्मी, मी नाई टाकलं." एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा तिनं तोंड उघडायच्या आत मी तिच्या कानाखाली वाजोली. सगळ्यांसमोर. एवढ्या जोरात की स्नेहलचीच माय मधात आली — "अवो, मारू नोका, लेकरू आहे."

अन् सर काय म्हणाले माहीत आहे? "अशी आई पाह्यजे. पोरीचं चुकलं तर पाठीशी घालत नाई." बाई, जरा टॅब तर दाखवा, असं काई त्यांनी विचारलं नाई. सातवीतली पोरगी बायांच्या ग्रुपवर मालाची मस्करी करन का, एवढं बी कोणाच्या डोक्यात आलं नाई. मायनं सांगतलं म्हणजे खरंच असन! मायेच्या नावावर काई बी खपते आपल्याकडं.

गौरीनं वर्गासमोर उभं राहून माफी मागतली. जिची मागायची ती वर्गात नव्हतीच. स्नेहलले तिच्या मामानं रोहिणखेडले नेलं, ती तिथंच शिकली. गौरीच्या बाकावर मंग वर्षभर कोणी बसलं नाई. घरोघरी पोरींना सांगून ठेवलं होतं — तिच्यापासून दूर राहा, ती फोटो टाकते. अन् मले? पुढच्या सभेत मले समोर बोलावलं. पोराच्या टॅबवर नजर कशी ठेवाव, यावर दोन शब्द बोला म्हणे. मी बोलली! नुसती बोलली नाई, चांगली दहा मिनिटं बोलली. त्याच ह्या टाळ्या.

आता पुढचं ऐका. मागच्या वर्षी, गौरी नववीत असताना, कोणी तरी तिच्या फोटोचं खोटं अकाउंट काढलं. तिच्या नावानं घाण घाण लिहिलं. चार महिने हे चालू होतं — अन् मी, सभेत भाषण ठोकणारी, मले पत्ता नाई! तिच्या वर्गाच्या मॅडमनं मले बोलावून सांगतलं. गौरीनं त्यांनाच सगळं दाखवलं होतं, अन् त्यांनीच ते बंद करून घेतलं.

मी तणतणत घरी आली. कोण आहे तो मुडदा, तंगडं तोडीन त्याचं, असं काय काय बडबडली. गौरी गणितं सोडवत बसली होती. मी म्हणाली, "चार महिने, गौरी! मले काऊन नाई सांगतलं वं? मी मेली होती का?"

तिनं पेन खाली ठेवला. आवाज चढवला नाई तिनं.

"तुले सांगतलं असतं, तर तू कोणाले पाठोलं असतं?"

"कोणाले म्हणजे?" मी म्हणाली. ती म्हणाली, "नंबर एकच होता ना मम्मी. तुले माह्यं दिसे, तसं मले तुह्यं दिसे. स्नेहलचा फोटो तू ग्रुपवर टाकला तवा टॅब माह्या हातातच होता. सकाळी तू माह्यं पुसलं ते बी मी पाह्यलं."

एवढं बोलली अन् परत वहीत डोकं घातलं. रडली नाई, भांडली नाई. भांडली असती तर बरं झालं असतं असं बी मी म्हणत नाई, मले कशाले बरं व्हाव?

म्हणजे ऑफिसात मी तिच्या कानाखाली मारली, तवा तिले सगळं माहीत होतं. स्नेहलची माय समोर होती, सर समोर होते. 'मम्मीनं पाठोलं' एवढं म्हणाली असती तर सुटली असती.

तिनं मायचं नाव घेतलं नाई. मी लेकीचं घेतलं.